‘बेकार डॅरोने मोनोपॉली शोधली’ ही गोष्ट खोटी आहे, एकेक मुद्दा घेऊन सांगतो

ती पोस्ट परत फिरायला लागलीये. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकेतली १९३० च्या दशकातली मोठी मंदी, फिलाडेल्फियातला चार्ल्स डॅरो नावाचा बेकार सेल्समन, हातात काम नाही, आणि एका रात्री तो किचनच्या टेबलावरच्या ऑइलक्लॉथवर (मेणकापडावर) अटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या सुट्टीच्या गावाचे रस्ते आठवून आठवून काढतो आणि तिथेच मोनोपॉली या खेळाचा जन्म होतो. पार्कर ब्रदर्स कंपनी ‘यात ५२ चुका आहेत’ म्हणून परत पाठवते, तो हार मानत नाही, स्वतःच बनवून विकतो, शेवटी तीच कंपनी त्याच्या दारात येते आणि तो खेळ बनवून मिलियनेअर झालेला जगातला पहिला माणूस ठरतो. खाली जिद्द, कल्पना, मराठी तरुणांनी यातून काय घ्यावं वगैरे.

यातलं खरं किती ते आधी सांगून टाकतो. डॅरो होता, मंदीत त्याचं काम गेलं होतं हे खरं, फिलाडेल्फियाच्या जर्मनटाउन भागात राहायचा, खेळावर त्याने खूप पैसे कमावले हेही खरं. पण खेळ त्याने शोधला नाही. एवढी एक गोष्ट खोटी निघाली की त्या पोस्टमधलं बाकी सगळं कोसळतं आणि जिचा तो खेळ होता तिचं नाव पोस्टमध्ये एकदाही येत नाही याचा मला खरंच संताप येतो.

पहिला दावा, “१९३३ मध्ये डॅरोने टेबलावर बसून खेळ शोधला.”

नाही. या खेळाचं पहिलं पेटंट ५ जानेवारी १९०४ ला मंजूर झालंय, एलिझाबेथ मॅगी या बाईंच्या नावावर, सगळे त्यांना लिझी म्हणायचे. खेळाचं नाव ‘द लँडलॉर्ड्स गेम’. त्या दिवशी डॅरो १४ वर्षांचा होता. आणि आता म्हणाल की नाव वेगळं म्हणजे खेळही वेगळा असेल, तर त्या पेटंटमधलं चित्र बघा, चौकोनी पट, कडेकडेने घरं, एका कोपऱ्यात जेल, दुसऱ्या कोपऱ्यात ‘गो टू जेल’, तिसऱ्यात सार्वजनिक बाग, चारही बाजूंच्या मधोमध एकेक रेल्वे, पाणी आणि दिव्याच्या कंपन्या, विकत किंवा भाड्याने घ्यायच्या जमिनी, दुसऱ्याच्या जमिनीवर सोंगटी पडली की भाडं द्यायचं. फिरून सुरुवातीच्या घरावरून गेलं की १०० डॉलर मजुरी मिळते, त्या घराचं नाव ‘मदर अर्थ’. आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत जो ‘व्यापार’ खेळत मोठे झालो, क्लब, जेल आणि रेस्ट हाऊसवाला, त्याचा सांगाडा सुद्धा हाच आहे. हे सगळं १९०४ च्या कागदावर आहे. २९ वर्षांनंतर कोणाला तरी हे सगळं झोपेत सुचलं असं मानायचं का?

लिझी मॅगी कोण होती हे जरा सविस्तर सांगतो, कारण मला ती डॅरोपेक्षा दहापट इंटरेस्टिंग वाटते. १८६६ चा जन्म, इलिनॉय राज्यातल्या मकोम गावचा. वडील जेम्स मॅगी वर्तमानपत्रवाले, १८५८ मध्ये लिंकन आणि डग्लस यांचे जे प्रसिद्ध वादविवाद झाले तेव्हा ते लिंकनसोबत फिरले होते. ही स्वतः वॉशिंग्टनला पोस्टाच्या डेड लेटर ऑफिसात स्टेनोग्राफर होती, म्हणजे पत्ता न सापडलेली पत्रं जिथे जातात ते खातं. नोकरी सांभाळून कविता लिहायची, नाटकात काम करायची, आणि खेळाच्या आधीच १८९३ मध्ये टाइपरायटरमधून कागद नीट सरकावा म्हणून एक सुधारणा शोधून तिचंही पेटंट घेतलं होतं. म्हणजे खेळाचं पेटंट हा तिचा नशिबाने लागलेला तुक्का नव्हता, डोकंच तसं होतं तिचं. १९०६ मध्ये ती शिकागोला गेली आणि तिथे पेपरात जाहिरात दिली की एक तरुण अमेरिकन स्त्री गुलाम विकणे आहे, जो जास्त बोली लावेल त्याला. देशभर बोंब झाली. तिला दाखवायचं एवढंच होतं की एकट्या बाईला पोट भरायला या देशात लग्न किंवा तुटपुंजा पगार याशिवाय काय रस्ता आहे. लग्न तिने केलं १९१० मध्ये, वयाच्या ४४ व्या वर्षी.

आणि खेळ का बनवला? तर वडिलांमुळे तिच्या हातात हेन्री जॉर्ज या अर्थविचारवंताचं लिखाण पडलं होतं. त्याचं म्हणणं असं की माणूस कष्टाने जे कमावतो ते त्याचं, पण जमिनीची किंमत मालकाच्या कष्टाने वाढत नाही, आजूबाजूला वस्ती वाढते, रस्ता येतो, रेल्वे येते म्हणून वाढते, त्यामुळे ती वाढ सगळ्या समाजाची आहे आणि कर लावायचा तर फक्त जमिनीच्या त्या किमतीवर लावा, मजुरीवर आणि मालावर नको. याला सिंगल टॅक्स म्हणायचे. लिझी या विचाराची कट्टर कार्यकर्ती होती. भाषणं ऐकून लोकांना कळत नाही, पण पटावर बसवलं आणि अर्ध्या तासात एकाकडे सगळ्या जमिनी जाऊन बाकीचे कंगाल झाले की आपोआप कळतं, हा तिचा हिशेब होता. मोनोपॉली म्हणजे एकाधिकार, तो वाईट कसा हे दाखवायला हा खेळ बनवला गेला.

दुसरा दावा, “अटलांटिक सिटीच्या सुट्टीच्या आठवणीतून त्याने रस्त्यांची नावं घेतली.”

हा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो कारण याची उलटतपासणी पुराव्यासकट झालेली आहे, अगदी माणूस टू माणूस साखळी माहीत आहे.

लिझीचा खेळ १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या इकॉनॉमिक गेम कंपनीने छापला, १९१३ मध्ये ब्रिटनमध्ये वेगळ्या नावाने निघाला, पण खरा पसरला तो हाताने बनवलेल्या पटांवर. डेलावेअरमध्ये आर्डेन नावाचं गाव आहे, १९०० साली हेन्री जॉर्जच्या अनुयायांनी वसवलेलं, तिथे जमीन सगळ्यांच्या ट्रस्टची आणि लोक फक्त लीजवर राहतात. तिथे हा खेळ घरोघरी खेळला जायचा. त्याच गावात राहणारे स्कॉट निअरिंग पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवायचे, त्यांनी तो विद्यार्थ्यांपर्यंत नेला, मग एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात, प्रत्येकजण ऑइलक्लॉथवर किंवा लाकडावर स्वतःचा पट काढायचा, आपल्या शहराच्या रस्त्यांची नावं टाकायचा, आणि लोक या खेळाला नुसतं ‘मोनोपॉली’ म्हणायला लागले होते. हे सगळं डॅरोच्या आधी. डॅन लेमन नावाचा पोरगा विल्यम्स कॉलेजात हा खेळ शिकला आणि इंडियानापोलिसला परत गेल्यावर त्याने १९३२ मध्ये तो ‘फायनान्स’ नावाने बाजारात आणला, ‘मोनोपॉली’ हे नाव घेतलं नाही कारण ते आधीच लोकांच्या तोंडी आहे, त्यावर हक्क मिळणार नाही असं त्याला वकिलांनी सांगितलं होतं. १९३२. पोस्टमधला जन्म १९३३ चा.

इंडियानापोलिसमध्ये रूथ हॉस्किन्स नावाची शिक्षिका हा खेळ शिकली आणि क्वेकर लोकांच्या शाळेत शिकवायला अटलांटिक सिटीला गेली. (क्वेकर म्हणजे एक साधेपणा मानणारा ख्रिस्ती पंथ.) तिच्या तिथल्या मित्रमंडळींनी मिळून नवीन पट केला आणि त्यावर स्वतःच्या गावचे रस्ते टाकले. बोर्डवॉक, पार्क प्लेस, बाल्टिक अव्हेन्यू हे सगळं या लोकांनी टाकलंय, कारण ते तिथे राहत होते. जागांच्या किमती जेसी रेफर्ड यांनी ठरवल्या, त्यांचा धंदाच जमीनजुमल्याचा होता. म्हणून समुद्राकाठच्या हॉटेलांचा बोर्डवॉक सगळ्यात महाग आणि मेडिटेरेनियन, बाल्टिक सगळ्यात स्वस्त, त्या भागात गरीब कृष्णवर्णीय वस्ती होती. म्हणजे पटावरच्या किमती ही त्या काळातल्या त्या गावाची खरीखुरी उतरंड आहे, जिला भेदभावाचा इतिहास आहे, आणि ती कोणी सुट्टीवर आलेल्या पाहुण्याने आठवून काढलेली नाही.

रेफर्डच्या भावाने, युजिनने, हा खेळ फिलाडेल्फियात चार्ल्स टॉड या ओळखीच्या माणसाला शिकवला. आणि टॉडने एका संध्याकाळी शिकवला कोणाला, तर चार्ल्स डॅरो आणि त्याची बायको एस्थर यांना. एस्थर ही टॉडची शाळेतली जुनी मैत्रीण. डॅरोला खेळ इतका आवडला की त्याने टॉडकडे नियम लिहून मागितले आणि टॉडने ते टाइप करून दिले. हे टॉडने स्वतः नंतर शपथेवर सांगितलंय.

आणि यावर शिक्का मारणारा पुरावा पटावरच छापलेला आहे. अटलांटिक सिटीच्या शेजारी मार्व्हेन गार्डन्स नावाची वस्ती आहे, मारगेट आणि व्हेंटनर या दोन गावांच्या सीमेवरची म्हणून दोघांच्या नावाचे तुकडे जोडून ‘मार्व्हेन’. टॉडने पट काढताना चुकून ‘मार्व्हिन’ लिहिलं. डॅरोच्या पटावर काय आहे? मार्व्हिन. कंपनीच्या पटावर? मार्व्हिन. पुढे कितीतरी दशकं जगभर विकल्या गेलेल्या इंग्रजी पटांवर टॉडची ती स्पेलिंगची चूक तशीच आहे, १९९५ मध्ये कंपनीने तिथल्या रहिवाशांची माफी सुद्धा मागितली. परीक्षेत शेजारच्याची उत्तरं चुकांसकट उतरवली की मास्तरांना जे कळतं तेच इथे कळतं.

तिसरा दावा, “५२ चुका म्हणून नाकारलं, तरी त्याने हार मानली नाही.”

१९३४ मध्ये मिल्टन ब्रॅडली आणि पार्कर ब्रदर्स या दोन्ही कंपन्यांनी त्याला नकार दिला हे खरं आहे. ५२ चुकांचा आकडा मात्र कंपनीनेच नंतर वर्षानुवर्षं आपल्या प्रसिद्धीत सांगितलेल्या गोष्टीतला आहे. या मुद्द्यावर जास्त वेळ घालवत नाही. डॅरोने मेहनत केली का तर हो केली. चित्रकार मित्राकडून पटावरची चित्रं देखणी करून घेतली, खेळ छापून घेतला, फिलाडेल्फियाच्या वॉनामेकर या मोठ्या दुकानात ठेवला, तो खपला, आणि खपतोय म्हटल्यावर पार्कर ब्रदर्सने मार्च १९३५ मध्ये त्याच्याकडून विकत घेतला. तो चांगला विक्रेता होता, मांडणी करणारा होता. पोस्ट अशी लिहा ना मग, की एका माणसाने दुसऱ्यांचा खेळ छान पॅक करून विकला. ती गोष्ट खरी असेल आणि तिच्यातूनही शिकायला मिळतं. पण ‘शोधला’ म्हणू नका.

चौथा दावा, हा पोस्टखालच्या कमेंट्समध्ये नेहमी येतो, “अहो पण पेटंट डॅरोच्या नावावर आहे, सरकारने दिलंय, मग वाद कसला?”

हो, ३१ डिसेंबर १९३५ ला डॅरोला पेटंट मिळालंय. पण त्याच्या आधीच्या महिन्यात काय झालं ते बघा. पेटंट मिळवायचं तर गोष्ट नवीन असावी लागते, आणि इथे तर तोच खेळ लोक तीस वर्षं खेळत होते. कंपनीचे प्रमुख रॉबर्ट बार्टन यांना हे लवकरच कळलं. लिझीचं १९०४ चं पेटंट १९२१ मध्ये संपलं होतं, अमेरिकेत तेव्हा मुदत १७ वर्षांची, पण तिने सुधारित खेळाचं दुसरं पेटंट १९२४ मध्ये घेतलं होतं आणि ते १९४१ पर्यंत जिवंत होतं. ते जर दुसऱ्या कोणाच्या हातात गेलं असतं तर कंपनीचा सगळा धंदा अडकला असता. म्हणून नोव्हेंबर १९३५ मध्ये कंपनीचे संस्थापक जॉर्ज पार्कर स्वतः व्हर्जिनियात आर्लिंग्टनला लिझीच्या घरी गेले आणि ते पेटंट विकत घेतलं. लेमनचा ‘फायनान्स’ ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडून तोही विकत घेतला. टेक्सासमध्ये एकजण ‘इन्फ्लेशन’ नावाने असाच खेळ विकत होता, त्याच्याशीही पैसे देऊन तडजोड केली.

ज्या कंपनीला खात्री आहे की शोध आपल्याच माणसाचा आहे ती असे एकेक दावेदार शोधून पैसे का वाटेल? डॅरोची टेबलावरची गोष्ट ही गोड आठवण म्हणून जन्माला आलेली नाही, कंपनीने त्याच्याकडे लेखी मागितली होती की खेळ कसा सुचला ते सांग, आणि त्याने १९३५ मध्ये पत्रात बेकारीची आणि सुचल्याची कहाणी लिहून दिली. एकच शोधक आणि एकच जन्मकथा असणं हे मालकी टिकवायला गरजेचं होतं. तीच कहाणी मग अनेक वर्षं खेळाच्या नियमांसोबत घराघरात गेली आणि आज आपल्या फोनवर आली.

कोर्टाचं काय म्हणणं आहे तेही सांगतो. राल्फ अन्स्पाक नावाचे सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक, त्यांनी १९७३ मध्ये ‘अँटी-मोनोपॉली’ नावाचा खेळ काढला, त्यात मक्तेदाऱ्या मोडायच्या असतात. कंपनीच्या वकिलांची नोटीस आली की हे नाव आमचं आहे, वापरू नका. प्राध्यापक गप्प बसले नाहीत, केस केली, आणि केससाठी पुरावे गोळा करता करता त्यांना लिझीचं पेटंट, क्वेकर मंडळी, टॉड, सगळे सापडले. खेळाचा खरा इतिहास आज आपल्याला एवढा नीट माहीत आहे तो या माणसाच्या हट्टामुळे. मध्येच एकदा ते हरले आणि १९७७ मध्ये त्यांच्या खेळाचे सुमारे ४० हजार डबे मिनेसोटातल्या मॅनकेटो गावी कचऱ्याच्या खड्ड्यात पुरले गेले. तरी अपील केलं. १९८२ मध्ये अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि त्यात हेही स्पष्ट केलं की डॅरोला या खेळाचा शोधक म्हणणं चूक आहे. १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीचं अपील ऐकायला नकार दिला. केस नावाच्या हक्काची होती हे लक्षात ठेवा, शोधाच्या श्रेयाची नव्हती, पण इतिहास त्यात शपथेवर नोंदला गेला. तेव्हा ‘सरकारने दिलंय’ म्हणणाऱ्यांनी कोर्टाने काय म्हटलंय तेही वाचावं.

पाचवा, “बाईंना पैसे मिळाले ना मग?”

मिळाले. ५०० डॉलर. रॉयल्टी शून्य. डॅरोला रॉयल्टी होती, त्यातूनच तो श्रीमंत झाला. लिझीने ५०० डॉलरला का दिलं असं विचाराल तर तिला पैशांपेक्षा खेळ पोचायला हवा होता, एवढी मोठी कंपनी छापतेय म्हणजे हेन्री जॉर्जचा विचार घरोघरी जाईल असं तिला वाटलं. कंपनीने १९३९ मध्ये तिचा लँडलॉर्ड्स गेम काढला सुद्धा, पण तो विकायचा म्हणून कोणी जोर लावला नाही. तिला काय चाललंय हे कळलं नव्हतं असं मुळीच नाही. जानेवारी १९३६ मध्ये ती वॉशिंग्टनच्या वर्तमानपत्रांकडे गेली, आपले जुने पट हातात धरून फोटो काढून दिला आणि हा खेळ माझा आहे हे सांगितलं. छापून आलं. पण देशभर डॅरोच्या गोष्टीचा आवाज जास्त होता. १९४८ मध्ये ती गेली. डॅरो १९६७ मध्ये गेला आणि १९७० मध्ये अटलांटिक सिटीत त्याच्या नावाची पाटी लागली. आणि २०१९ मध्ये, सगळा इतिहास उघड होऊन कितीतरी वर्षं झाल्यावर, आजची मालक कंपनी हॅस्ब्रोने स्त्री संशोधकांचा गौरव म्हणून ‘मिस मोनोपॉली’ काढली, तेव्हाही लिझी मॅगीला त्यात जागा नव्हती. हे वाचून राग येत नसेल तर काय बोलणार.

आता दुसऱ्या बाजूची पण एक पोस्ट असते, “डॅरोने लिझीकडून खेळ चोरला.” ही पण जशीच्या तशी खरी नाही आणि आपल्या बाजूची आहे म्हणून मी ती सोडून देणार नाही. डॅरो तिच्या घरी गेला, तिचे कागद पळवले असं काही झालेलं नाही. त्याला खेळ मिळाला टॉडकडून, आणि टॉडच्या हातात आलेला खेळ लिझीच्या १९०४ च्या खेळासारखा तंतोतंत नव्हता, मधल्या तीस वर्षांत विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी, क्वेकर लोकांनी त्यात भर घातली होती. म्हणजे पाया लिझीचा, वरचं बांधकाम कितीतरी नाव नसलेल्या लोकांचं, आणि डॅरोने दुसऱ्याने शिकवलेला खेळ ‘मला सुचला’ म्हणून सांगितला. खोटेपणा तिथे आहे आणि तो पुरेसा आहे.

शेवटचा दावा, “मोनोपॉलीतून मुलं लहानपणापासून उद्योजकता शिकतात, तोच डॅरोचा संदेश.”

संदेश डॅरोचा नाहीच. लिझीने दाखवलेली अर्धी बाजू कंपनीने ठेवली, म्हणजे एकाने सगळ्यांना कंगाल करायचं ती, आणि दुसरी बाजू, जिच्यासाठी तिने हा सगळा खटाटोप केला, ती गाळून टाकली. १९३२ मध्ये तिच्या खेळाची जी आवृत्ती निघाली तिचं नावच ‘लँडलॉर्ड्स गेम अँड प्रॉस्पेरिटी’ होतं. त्यातल्या प्रॉस्पेरिटीच्या डावात जमिनीचं भाडं मालकाच्या खिशात न जाता सगळ्यांच्या सामायिक खजिन्यात जातं आणि सगळ्यात कमी पैसेवाल्याचे पैसे दुप्पट झाले की डाव संपतो, सगळे जिंकले.

घरी व्यापारचा किंवा मोनोपॉलीचा पट असेल तर मुलांना घेऊन एक डाव नेहमीचा खेळा आणि लगेच दुसरा असा खेळा: जमीन घ्यायची तशीच, पण त्यावरचं भाडं मालकाला न देता मधल्या वाटीत टाकायचं, घर बांधलं असेल तर घराचा वाढीव पैसा तेवढा मालकाचा, आणि वाटीत ठरावीक रक्कम जमली की सगळ्यांना सारखी वाटायची. हे तिचे नियम शब्दशः नाहीत, घरच्या पटावर जमेल असं मी सोपं करून सांगतोय. पहिल्या डावात कोण रडून उठलं आणि दुसऱ्यात कोण शेवटपर्यंत बसलं ते बघा, आणि मुलांनी विचारलं की हा खेळ कोणी काढला तर लिझी मॅगी सांगा.